डिगांबरभाऊंच्या गाडीची बैठक

आमचे शेजारी डिगांबरभाऊ यांची पिकअप वर्षातून एकदा खाली बसते आणि एकदा वर उठते. हे मी अलंकारिक बोलत नाही. मी वानखडे, बांधकाम खात्यात ओव्हरसियरकी करून निवृत्त झालेला माणूस आहे, अलंकार मला परवडत नाहीत. दिवाळीत ही गाडी इतकी खाली येते की तिच्याखाली शिरलेलं मांजर बाहेर पडताना विचारात पडतं. आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की तीच गाडी एवढी वर चढते की गल्लीतली कुत्री तिच्याखाली सहकुटुंब दुपार काढतात.

आता पिकअप म्हणजे कास्तकाराची मालाची गाडी. भाऊंचा मळा तिवशाच्या अलीकडे आहे. तिथून वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि फुलांच्या दिवसांत झेंडू उचलायचा आणि पहाटे अमरावतीच्या मंडईत आणून टाकायचा, एवढंच त्या गाडीचं काम. आमच्याकडे लोक अशा गाडीच्या कमानीत, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगमध्ये, एखादा जास्तीचा लोखंडी पाटा घालून घेतात, म्हणजे दोन पोती जास्त बसतात. भाऊ मात्र दिवाळीत आहेत तेच पाटे काढायला लावतात, म्हणजे गाडी खाली बसते. वर मूळची चाकं उतरवून त्यांच्या जागी मोठाली, चकाकणारी, जाळीदार चाकं बसवतात. त्यांना रबर नावापुरतं असतं. तसली चाकं तुम्ही एखाद्या बिल्डरच्या मुलाच्या गाडीला पाहिली असतील. इथे ती सांबाराच्या गाडीला असतात, आणि आत साठीचा, गळ्यात दुपट्टा टाकलेला, पायजमा घातलेला एक माळी अत्यंत गंभीर चेहऱ्याने बसलेला असतो.

गाडी खाली आणि चाकं मोठी, म्हणजे वळताना टायर मडगार्डला घासणार हे उघड आहे. भाऊंची गाडी चौकात वळली की चार घरांना करकर ऐकू येते. मी एकदा म्हटलं, "भाऊ, टायर फाटन ना."

"साहेब, हॉर्नाचा खर्च वाचते," भाऊ म्हणाले.

भाऊंशी बोलायचं म्हणजे असं असतं. सकाळी अंगणात दिसले की "जयभीम साहेब!" मी "राम राम भाऊ" म्हणतो. त्यानंतर ते रस्त्याकडे बोट दाखवतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक ब्रेकर आहे. बसलेल्या गाडीचं पोट त्यावर घासतं, त्यामुळे तो भाऊंचा वैरी.

"हा कधी निघन, साहेब?"

"मी रिटायर झालो, भाऊ."

"तुमी झाले. हा कुठी झाला?"

अमरावती जिल्ह्यातला प्रत्येक ब्रेकर मी स्वतःच्या हाताने थापला आहे अशी त्यांची पक्की समजूत आहे. मी ती काढायचा प्रयत्न सोडून दिला आहे, कारण ती काढली की तिथे ते दुसरी समजूत बसवतील.

गाडी खाली का, याचं त्यांच्याकडे शास्त्र आहे. "साहेब, गाडीले बैठक पाह्यजे, बैठक! उभ्या माणसाचं कोणी ऐकते का? मंडईत पाहा, जो गादीवर बसला तोच भाव बोलते." शिवाय झेंडू. झेंडू लेकरासारखा आणावा लागतो. गाडी जमिनीला धरून चालली की फुलाची झोपमोड होत नाही. पाटे काढल्यावर गाडी उलट जास्त आदळते, हे मी त्यांना समजावून सांगायला गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे इंजिनेरायचं झालं. तुमी फुलाले विचारलं का?"

बरं, हे शास्त्र आखाजीपर्यंतच चालतं. त्या सुमारास गाडीचं पासिंग असतं. तसली गाडी पासिंगला नेली तर आरटीओचे साहेब गाडीबरोबर मालकालाही ठेवून घेतील. म्हणून मोठी चाकं उतरतात, पाटे परत चढतात, गाडी मूळ उंचीला येते. माणसाने इथे गप्प बसावं की नाही? पण भाऊ दुसऱ्या दिवशी अंगणात तयार. "साहेब, गाडीले उठाव पाह्यजे, उठाव! पावसात वावरात शिराचं आहे. बसली गाडी म्हणजे चिखलातली म्हैस. निंघते का लवकर?"

"आणि ती बैठक?"

"बैठक दिवाळीले," भाऊ म्हणतात, जणू बैठक म्हणजे करंज्या.

या बैठकीचा प्रसाद मी स्वतः घेतलेला आहे. शांतावहिनींचं, म्हणजे भाऊंच्या मंडळींचं, माहेर पातूरचं. त्यांच्या भाच्याचं लग्न दिवाळीनंतर लगेच आलं. मी म्हटलं आपण यष्टीने जाऊ. भाऊंना ते अपमानासारखं लागलं. घरची गाडी असताना यष्टीने? मागे गाद्या टाकल्या, वर ताडपत्री बांधली, आम्ही दोन्ही घरची माणसं आणि भाऊंच्या दोन म्हाताऱ्या मावश्या असे त्यात बसलो. अकोल्यापर्यंत मोठा रस्ता, सगळं गुण्यागोविंदाने चाललं. अकोला सोडलं, पातूरच्या वाटेला लागलो आणि गावागणिक ब्रेकर सुरू झाले.

पहिल्या ब्रेकरला भाऊंनी गाडी थांबवली, मागे आले आणि फळी उघडून म्हणाले, "उतरा."

भरलेली गाडी ब्रेकरवरून जाणार नव्हती. आम्ही सगळे उतरलो, चालत ब्रेकर ओलांडला. रिकामी गाडी तिरपी करून, आधी एक चाक मग दुसरं चाक असं करत भाऊंनी ती पलीकडे आणली, आणि आम्ही पुन्हा चढलो. पुढच्या गावात पुन्हा उतरा. मावश्यांना दोघांनी धरून उतरवायचं, दोघांनी ढकलून चढवायचं. माझी बायको सुनंदा पैठणी नेसून आली होती. तिसऱ्या गावाला तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर थेट शेताकडे वळवली. एका गावात चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. नटलेल्या बाया आणि त्यांच्यामागून फेटा बांधलेल्या भाऊंची रिकामी गाडी पाहून एकाने मला आदराने विचारलं, "नवरदेव कोन्ता हाये?" आणि प्रत्येक ब्रेकरला भाऊ खिडकीतून डोकं काढून मला विचारायचे, "साहेब, हा बी तुमचाच का?"

आम्ही पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि पंगत उठत होती. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊ जरासे ओशाळले, पण शेवटी भाऊच ते. म्हणाले, "लगन त्यायचं होतं. आपल्यावाचून अडलं का काही?"

यानंतर कोणीही शहाणा माणूस गाडी कायमची सरळ करून घेईल. मीही तेच सुचवलं. बडनेरा रोडला चांगले मिस्त्री आहेत, अर्ध्या दिवसाचं काम. भाऊंनी मान हलवली. "त्यायले हात नाही, साहेब. हे काम मंगेशचं. त्याच्याबिगर मी कोणाले नट बी ढिला करू देत नाही."

मंगेश हा त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याचं मन कधी मळ्यात रमलं नाही. तो अकोल्याला एका गॅरेजात काम शिकला. तिथे असतानाच एका रविवारी घरी येऊन त्याने बापाला न विचारता ही गाडी पहिल्यांदा खाली बसवली. भाऊ मंडईतून आले, गाडी पाहिली आणि मुलाच्या सात पिढ्या काढल्या. त्यातल्या सहा त्यांच्याही होत्या, पण रागात तेवढा हिशेब राहत नाही. सगळी गल्ली बाहेर येऊन ऐकत होती. "गाडी हाये का पाट हाये हे? यावर का मी जेवाले बसू?" असं ते ओरडत होते, तेही मी या कानांनी ऐकलं आहे.

मग मंगेश पुण्याला गेला. तिथे हौशी लोकांच्या गाड्या खाली-वर करून देणारं एक मोठं वर्कशॉप आहे, त्यात तो लागला आणि नावारूपाला आला. तो गेला त्या वर्षी भाऊंनी गाडी मिस्त्रीकडून सरळ करून घेतली. आणि दिवाळीच्या आधी, ज्या तोंडाने सात पिढ्या काढल्या त्याच तोंडाने, त्याला फोन केला, "बापा, गाडी बसवून पाह्यजे." आमच्याकडे लेकालाही बापाच म्हणतात.

तेव्हापासून हे चालू आहे. दिवाळीला मंगेश येतो, गाडी बसते. आखाजीला येतो, गाडी उठते.

मला वाटायचं, म्हातारपणी हौस फुटते एकेकाला. कोणी बुलबुलतरंग शिकतं, कोणी गाडी बसवतं. गेल्या दिवाळीत मी त्यांच्या ओट्यावर चहा पीत बसलो होतो. अंगणात गाडी जॅकवर चढवलेली, आणि तिच्याखालून पायांच्या दोन जोड्या बाहेर आलेल्या. एक पायजम्यातली, एक जीन्समधली. खालून सारखं बोलणं ऐकू येत होतं. भाऊ विहिरीच्या पाण्याचं सांगत होते, गुडघ्याचं सांगत होते. मंगेश त्याच्या मालकाच्या नकला करत होता. मध्येच पाना मागितला जायचा, मध्येच दोघं मोठ्याने हसायचे. मला नवल वाटलं, कारण आदल्या रात्री हेच बापलेक घरात जेवताना मी पाहिले होते. "भाकर घे." "घेतो." एवढंच बोलणं झालं होतं. जेवल्यावर एक जण टीव्हीकडे आणि एक जण मोबाइलकडे तोंड करून बसला होता.

मी वहिनींना म्हटलं, "गाडीखाली भलतेच बोलतेत हे दोघं."

वहिनी झेंडूच्या माळा ओवत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मंग? तुमाले काय वाटलं, यायले गाडीचं याड हाये? गाडीखाली एकमेकाचं तोंड दिसत नाही ना, म्हून बोलता येते. अन् काम असल्याबिगर बोलावता येत नाही यायले. पोराले 'ये रे' म्हनाले जीभ जड होते. 'पाना घेऊन ये' म्हनता येते."

त्या दिवसापासून मी त्या गाडीची थट्टा करायचं सोडलं. म्हणजे कमी केलं. आमच्या वऱ्हाडात बाप मुलाला काय वाट्टेल ते बोलू शकतो, चारचौघांत त्याची अक्कल काढू शकतो, पण 'तुही आठोन येते' हे शब्द काही त्याच्या घशातून वर येत नाहीत. भाऊंनी त्यावर उपाय काढला होता. उपायाला चाकं होती एवढंच.

औंदा मात्र गडबड झाली.

दिवाळी जवळ आली, भाऊंचा फोन गेला आणि मंगेशने सांगितलं की जमणार नाही. सणाच्या तोंडावर गिऱ्हाइकांची गर्दी, मालक सुट्टी देईना. "पन तुमची सोय करतो बाबा," असं तो म्हणाला. पुढच्याच आठवड्यात एक मोठं खोकं आलं. भाऊ मंडईत होते, म्हणून मीच सही करून घेतलं. खोक्यावर गाडीचं चित्र होतं आणि एक बाण वर, एक बाण खाली.

संध्याकाळी मंगेशचा फोन आला. भाऊंना ऐकू कमी येतं म्हणून ते फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात, आणि आवाज इतका मोठा ठेवतात की आमच्या घरी स्वयंपाकघरात सुनंदालाही बातमी कळते. मंगेश फार खुशीत होता. त्याने बापासाठी हवेच्या फुग्यांचं सस्पेन्शन तयार केलं होतं. पाट्यांच्या जोडीला फुगे, एक छोटा पंप आणि स्टिअरिंगजवळ बटण. बटण दाबलं की गाडी बसते, पुन्हा दाबलं की उठते. ब्रेकर आला, दाबा बटण. मागच्या खेपेला त्याने गुपचूप मापं घेऊन ठेवली होती आणि रोज काम आटोपल्यावर स्वतःच्या हाताने पट्ट्या कापल्या होत्या. "कोनताही मिस्त्री बसवून देईन बाबा. आता तुमाले माही वाट पाहाची गरजच नाही!"

"लय चांगलं केलं, बापा," भाऊ म्हणाले.

पोराने किती मायेने केलं होतं ते! आणि त्या मायेनेच बापाची एकुलती एक सबब काढून घेतली होती. मला पलीकडे भिंतीआड बसून गलबलून आलं, खोटं कशाला बोलू?

खोकं ओट्यावरच राहिलं. कोणी उघडलं नाही. वहिनींनी त्यावर सूप ठेवलं, मग झेंडूची टोपली ठेवली. गाडी उंचच राहिली. दिवाळीच्या तोंडावर ती तशी उभी पाहून गल्लीतल्या लोकांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. भाऊ मुकाट्याने सकाळी जात, मुकाट्याने येत. बैठकीवर एक शब्द नाही, उठावावर नाही. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या ब्रेकरवरून गाडी सरळ निघून जायची आणि ते मला काही विचारत नसत. मलाच राहवेना. एका सकाळी मीच म्हटलं, "भाऊ, हा ब्रेकर काढाले पाह्यजे."

"राहू द्या, साहेब," ते म्हणाले. "कोणाचं काय घेते तो?"

हे ऐकून मी खरोखर घाबरलो.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. भाऊ ओट्यावर खोक्याशेजारी बसले होते. मी म्हटलं, बडनेरा रोडच्या मिस्त्रीला उद्या बोलावू, मी स्वतः उभा राहून बसवून घेतो. त्यांनी खोक्यावर हात ठेवला.

"साहेब, पोरानं बटन धाडलं," ते म्हणाले. "मी काय करू त्या बटनाचं? आतापावतो गाडीसाठी येत होता. दिवाळीले दोन दिस, आखाजीले दोन दिस. आता कायच्यासाठी येईन तो?" त्यांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं. "एकदा हे बसलं का संपलं मंग."

"त्याले तसं सांगा ना, भाऊ. ये म्हणा."

"अन् तो म्हनन का सुट्टी नाही. मंग?"

बोलावलंच नाही तर नकार येत नाही, हे गणित कोणाही बापाला कळतं. वहिनींनी चहा आणला. आम्ही तिघं चहा प्यायलो. तेवढ्यात फोन वाजला. मंगेशच होता.

"बाबा, बसवलं का?"

भाऊंनी कप खाली ठेवला. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं.

"बाबा? ऐकू येते ना? बसवलं का?"

"बसत नाही ते," भाऊ म्हणाले.

"बसत नाही? कसं काय बसत नाही?"

"भोकं जुळत नाहीत."

मी खोक्याकडे पाहिलं. त्यावरची चिकटपट्टी जशीच्या तशी होती, आणि चिकटपट्टीवर झेंडूच्या पाकळ्या पडल्या होत्या.

तिकडे मंगेश चक्रावला. "असं कसं होईन बाबा? मी सोताच्या हातानं मापं घेतले. तुमी उलटं लावलं असन." भाऊंनी नाही नाही म्हणून पाहिलं, पण खोटं बोलायची सवय नसलेला माणूस दुसऱ्या वाक्याला अडखळतो. मंगेश म्हणाला, "वानखडेकाका हायेत का तिथी? त्यायले द्या बरं. काका मोजून सांगतीन."

भाऊंनी फोन माझ्यासमोर धरला. त्यांच्या डोळ्यांकडे पाहून नाही म्हणणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

"मंगेश," मी म्हटलं, "मी मोजलं रे. तीन सुताचा फरक हाये."

"तीन सूत?"

"डाव्या बाजूले तीन. उजव्या बाजूले थोडा कमी." एकदा खोटं बोलायचं म्हटलं की नीट बोलावं.

मग तो म्हणाला, "मिस्त्रीले हात लावू देऊ नका, काका. तो वेल्डिंग करून सत्यानास करन. मलेच या लागन." आणि मग, "मालकाले सांगतो मी. सुट्टी पाहून घेतो कशी बी. शनिवारी सकाळी येतो." माप चुकल्याचं दुःख मात्र मला त्याच्या आवाजात कुठे ऐकू आलं नाही. "आईले सांगा, वांग्याचं भरीत कर म्हना."

"ऐकून राहली ती," भाऊ म्हणाले आणि त्यांनी फोन बंद केला.

वहिनी पदर तोंडाला लावून आत गेल्या. भाऊ बसल्या जागी बसून राहिले. मग एकदम उठले, विळा आणला आणि चर्रकन खोक्याची पट्टी कापली. शनिवारी पोरगा आल्यावर खोकं बंद दिसायला नको, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. आतून कागदात गुंडाळलेले काळे फुगे निघाले, पंप निघाला, घासून गुळगुळीत केलेल्या लोखंडी पट्ट्या निघाल्या. एका पट्टीवर खडूने 'बाबा, डावी' असं लिहिलेलं होतं. भाऊंनी ती पट्टी उचलली आणि आम्ही दोघं बॅटरी घेऊन, या वयात, गाडीखाली गेलो. माझी कंबर अजून त्याची आठवण काढते. भाऊंनी पट्टी जागेवर धरली. मी बोल्ट घातला. तो बोटाने ढकलताच आरपार गेला. दुसरा घातला. तोही गेला. पोराने केसभरही चूक केलेली नव्हती.

"भाऊ," मी म्हटलं, "आता? आल्या आल्या तो माप घेईन. सगळं उघडं पडन."

भाऊ पाठीवर पडून वर त्या पट्टीकडे पाहत होते. खडूच्या अक्षरांवरून त्यांनी एकदा अंगठा फिरवला, पण पुसला जाईल म्हणून लगेच काढून घेतला.

"घेऊ द्या ना, साहेब," ते म्हणाले. "माप घ्याले तरी त्याले इथी माह्या बाजूलेच येऊन झोपा लागन."